आवाज आजीचा, कविता सावित्रीमाईची



आमचे सासरे वस्तीतल्या गायन पार्टीत गायचे. १४ एप्रिलच्या रात्री पेटी-ढोलकीवर त्यांचा आवाज लागला की अख्खी चाळ जागी राहायची. त्या गाण्यांच्या दोन कॅसेटी आम्ही ट्रंकेत जपून ठेवल्या होत्या. २६ जुलै २००५ च्या मुंबईच्या पुरात ट्रंकेसकट त्या पाण्याखाली गेल्या. सासरे त्याआधीच वारले होते. आज त्यांचा फोटो भिंतीवर आहे, आवाज मात्र कुठेच नाही.

म्हणून ३ जानेवारीला, सावित्रीमाईच्या जयंतीला, विहारात दाखवण्यासाठी मुलांनी घरच्या घरी कवितेचा व्हिडिओ करायचे ठरवले, तेव्हा आम्ही एकच अट घातली. आवाज आजीचा पाहिजे.

कविता कोणती, यावर आधी वाद झाला. थोरलीला वामनदादा कर्डकांचे गीत हवे होते. वामनदादा आम्हां सर्वांचेच लाडके. पण आपल्या देशात कवीच्या निधनानंतर ६० वर्षे त्याच्या शब्दांवर कायद्याचा हक्क असतो. वामनदादा २००४ साली गेले, म्हणजे तो हक्क २०६४ अखेरपर्यंत चालेल. व्हिडिओ पुढे इंटरनेटवर टाकायचा, तर ज्यांच्याकडे हक्क आहेत त्यांची परवानगी घेतली पाहिजे. दुसऱ्याने गायलेली कॅसेट किंवा सिनेमाचे संगीत खाली लावायचे, तर त्याचा हक्क आणखी वेगळा. सावित्रीमाई १० मार्च १८९७ रोजी प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता गेल्या. त्यांची कविता आता साऱ्या समाजाची आहे. त्यांचा ‘काव्यफुले’ हा संग्रह १८५४ साली निघाला, तेव्हा त्या अवघ्या २३ वर्षांच्या होत्या. त्यातली शिक्षणावरची एक कविता सर्वांना पसंत पडली.

आता आजी ऐकेनात. “मला ना अक्षर, ना गळा. लोक हसतील पोरांनो!” म्हणाल्या. थोरलीने हट्ट सोडला नाही. रोज रात्री जेवणे आटोपली की ती एक ओळ वाचायची आणि आजी ती मागून म्हणायच्या. आठ दिवसांत कविता पाठ झाली. आणि एके रात्री आजींनी ती आपणहून जात्यावरच्या ओवीच्या चालीत धरली. एखादी ओळ लांबली तर ती ओढून बरोबर चालीत बसवायच्या. संगीताचा प्रश्न तिथेच मिटला. साथीला शेजारच्या काकांची खंजिरी, बस्स.

रेकॉर्डिंगच्या दिवशी पंखा बंद केला, खिडकी लावली, कुकर चुलीवरून उतरवला. दाराला गोधडी टांगली, म्हणजे खोलीत आवाज घुमत नाही. मोबाईल आजींच्या तोंडापासून वीतभर अंतरावर, पुस्तकांच्या चवडीवर ठेवला. हातात धरला तर बोटांची खरखर येते. मोबाईलची घंटी वाजू नये अशी सोय आधीच केली. आधी नुसता आवाज घेतला, चित्रे नंतर जोडली. आवाज तीन मिनिटांचा भरला. एक चित्र सहा सेकंद धरले तर ३० चित्रे लागतात. आजींचे हात, जुने जाते, धाकट्याची पाटी, वस्तीतल्या शाळेत जाणाऱ्या मुली, विहारातली सावित्रीमाईची तसबीर अशी सारी चित्रे आमच्याच मोबाईलवर काढली. ती जोडण्याचे साधन मोबाईलवर फुकट मिळते. धाकट्याने दोन संध्याकाळी बसून काम संपवले.

एका ठिकाणी आजींच्या तोंडून माईंचा शब्द सुटून स्वतःचाच शब्द आला. धाकटा म्हणाला, छान वाटतोय, राहू द्या. थोरली म्हणाली, चूक ती चूक. शेवटी निवाडा आजींनीच केला. “माईनं लिवलं ते माईचंच राहू दे. माझं काय सांगायचं ते मी येगळं सांगते.” आणि त्या कवितेच्या आधी बोलल्या. भाऊ शाळेत जायचा तेव्हा आपण धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन शाळेच्या भिंतीबाहेर उभ्या राहायचो, आतले पाढे ऐकू यायचे, त्यातले दोनाचे आणि तीनाचे अजून पाठ आहेत, असे त्यांनी सांगितले. इतक्या वर्षांत हे आम्हांला कधी कळले नव्हते. आम्ही कधी विचारलेही नव्हते.

विहारात वंदना झाल्यावर पांढऱ्या चादरीवर व्हिडिओ दाखवला. अखेरीस कवयित्रीचे नाव, संग्रहाचे नाव आणि साल लिहिले होते. त्याखाली गाणारणीचे नाव होते. थोरलीने बोट ठेवून आजींना ते नाव दाखवले. आजी बराच वेळ त्याकडे बघत राहिल्या. दुसऱ्या दिवशी धाकट्याची पाटी त्यांच्या मांडीवर होती. नावातली दोन अक्षरे आता त्यांना येतात.

मायबहिणींनो, प्रत्येक घरात अशी एखादी आजी, आत्या, मावशी आहेच. येत्या रविवारी तिच्यापुढे मोबाईल ठेवा आणि तिला गाऊ द्या. व्हिडिओ जमला तर उत्तमच, नाही जमला तरी आवाज राहील. मात्र त्याची एक प्रत दुसऱ्या नातलगाच्या घरीही ठेवा. ट्रंक एकच असली की काय होते, ते आम्ही भोगले आहे.

जयभीम! नमो बुद्धाय!