धोकादायक देशांची यादी आणि पोलादपूरचा तिठा

जगातील कोणते देश प्रवाशांसाठी सर्वाधिक धोकादायक आहेत, याच्या याद्या दरवर्षी प्रसिद्ध होत असतात. अमेरिकेचे परराष्ट्र खाते तर आपल्या नागरिकांसाठी प्रत्येक देशाला एक ते चार अशी श्रेणी देते. चौथी श्रेणी म्हणजे 'तेथे जाऊच नका'. अफगाणिस्तान, येमेन, सोमालिया ही नावे या श्रेणीत वर्षानुवर्षे आहेत. युद्ध, अपहरण व दहशतवाद ही त्यामागील कारणे असून ती खोटी नाहीत. आपल्या देशातही २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगाम येथे २६ निरपराध माणसांना गोळ्या घालण्यात आल्या. त्यांपैकी सहा जण महाराष्ट्रातील होते, एक तर पनवेलचे. त्यानंतर काश्मीरच्या सहली धडाधड रद्द झाल्या, हे स्वाभाविकच होते.

तथापि, ज्या पनवेलहून मुंबई-गोवा महामार्ग सुरू होतो, त्या महामार्गावरील प्रवास मात्र कोणी रद्द करीत नाही. आमच्या मते, मराठी प्रवाशाने धोक्याचा विचार करावयाचा असेल, तर तो येमेनपासून नव्हे, पोलादपूरपासून सुरू केला पाहिजे.

हे विधान अतिशयोक्त वाटू नये म्हणून काही आकडे देणे क्रमप्राप्त आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालानुसार जगात दरवर्षी सुमारे ११ लाख ९० हजार माणसे रस्ते अपघातांत मरण पावतात. पाच ते एकोणतीस वर्षे या वयोगटातील मृत्यूंचे ते पहिल्या क्रमांकाचे कारण आहे. भारतात २०२२ या एका वर्षात रस्त्यांवर १,६८,४९१ मृत्यू झाल्याची केंद्र सरकारची नोंद आहे. याचा अर्थ दररोज सरासरी ४६० हून अधिक माणसे. परदेशी गेलेल्या अमेरिकन नागरिकांच्या अनैसर्गिक मृत्यूंमध्येही वाहन अपघात हेच प्रमुख कारण असल्याचे त्यांची आरोग्य यंत्रणा सांगते. गोळीला आपण घाबरतो ते योग्यच, परंतु प्रवाशाला मारणारी गोष्ट बहुतेक वेळा चाकांवर असते.

पोलादपूर हे तिठ्यावरचे गाव. उत्तरेकडून महाडहून येणारा महामार्ग येथून कशेडी घाट चढून खेडकडे, पुढे रत्नागिरी, सिंधुदुर्ग व गोव्याकडे जातो. दुसरा रस्ता पूर्वेस वळून आंबेनळी घाटाने प्रतापगडाच्या पायथ्यावरून महाबळेश्वरला पोहोचतो. उगवतीला सह्याद्रीची भिंत आणि तिच्यावरून उतरणारी सावित्री नदी, असा हा मुलूख आहे. महाबळेश्वरच्या माथ्यावर पडणारा पाऊस काही तासांत पोलादपूर व महाड गाठतो. २२ ते २३ जुलै २०२१ या चोवीस तासांत महाबळेश्वरला ५९४ मिलिमीटर पाऊस कोसळला. त्याच सुमारास महाड तालुक्यातील तळिये येथे दरड कोसळून ऐंशीहून अधिक ग्रामस्थ गाडले गेले, आंबेनळीचा रस्ता ठिकठिकाणी खचला आणि महाड शहर पाण्याखाली गेले. त्याआधी २००५ च्या जुलैमध्ये दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते या गावांवर हाच प्रसंग आला होता. येथे राहणाऱ्यांना जो धोका बारमाही, तोच प्रवाशाला तासा-दोन तासांचा.

या परिसरातील दोन दुर्घटना वाचकांच्या स्मरणात असतील. दोन्हींतून निघणारे प्रश्न मात्र वेगवेगळे आहेत.

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरील जुना दगडी पूल पुराच्या लोंढ्यात कोसळला. जयगडहून मुंबईकडे व राजापूरहून बोरिवलीकडे निघालेल्या एस.टी.च्या दोन गाड्या आणि किमान एक खासगी गाडी काळोखात नदीत गेली. सुमारे ४० माणसे वाहून गेली व त्यांतील काहींचे मृतदेहही मिळाले नाहीत. पुलाजवळच्या गॅरेजमधील एका कामगाराच्या लक्षात आले की, पुढे गेलेल्या गाड्यांचे दिवे एकाएकी नाहीसे होत आहेत. त्याने आरडाओरड करून मागून येणारी वाहने थांबविली. यंत्रणा पोहोचण्यापूर्वी त्या एका माणसाने किती प्राण वाचविले, याची मोजदाद होणे शक्य नाही.

हा पूल ब्रिटिशांच्या काळातील, १९२८ सालचा. शेजारीच नवा पूल झालेला असूनही मुंबईकडे जाणारी वाहतूक जुन्यावरूनच चालू होती. त्याच वर्षीच्या मे महिन्यात पुलाची पाहणी झाली होती व तो वाहतुकीस योग्य आढळला होता, असे सरकारतर्फे सांगण्यात आले. आमचा आक्षेप नेमका येथे आहे. मे महिन्यात नदीचे पात्र कोरडे असते. काठावरून कठडे, कमानी व दगडांच्या सांध्यांत उगवलेली झुडपे दिसतात, परंतु पुराचे पाणी पायाखालची वाळू-माती कोरून नेते, ते डोळ्यांना दिसत नाही. जुन्या पुलांचा खरा वैरी तोच असतो. केवळ नजरेने केलेली पाहणी ही नाडी न पाहता दिलेल्या आरोग्याच्या दाखल्यासारखी आहे.

योगायोग असा की, अमेरिकेत ओहायो नदीवरील 'सिल्व्हर ब्रिज' हाही १९२८ सालीच बांधलेला होता. १५ डिसेंबर १९६७ रोजी सायंकाळच्या गर्दीच्या वेळी तो कोसळला व ४६ जण मृत्युमुखी पडले. पोलादी साखळीच्या एका दुव्यातील लहानशी भेग त्यास कारणीभूत ठरली. त्यानंतर तेथे देशभरातील पुलांच्या तपासणीचा कायदा झाला. तपासणी कोणी, किती काळाने व कशी करावी याचे नियम ठरले आणि प्रत्येक पुलाची स्थिती कोणाही नागरिकास पाहता येईल अशी नोंदवही तयार झाली. आपल्याकडे सावित्रीनंतर निवृत्त न्यायमूर्तींचा चौकशी आयोग नेमला गेला आणि नवा पूल अवघ्या १६५ दिवसांत उभा राहून ५ जून २०१७ रोजी खुला झाला. हे काम कौतुकास्पद होते, यात शंका नाही. परंतु पूल बांधण्यात दाखविलेली ती तत्परता पूल तपासण्यात दिसली काय? १५ जून २०२५ रोजी मावळात कुंडमळा येथे इंद्रायणीवरील जुना लोखंडी पूल पर्यटकांसह कोसळला, तर पुढच्याच महिन्यात गुजरातेत महिसागर नदीवरील गंभीरा पुलाचा भाग तुटून वाहने नदीत पडली. आपण ज्या पुलावरून जात आहोत तो शेवटचा केव्हा व कोणत्या पद्धतीने तपासला गेला, हे प्रवाशाला समजण्याची सोय असावयास हवी. पुलाच्या तोंडाशी एक फलक लावण्यास कितीसा खर्च येणार आहे?

दुसरी दुर्घटना २८ जुलै २०१८ ची. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचे कर्मचारी पावसाळी सहलीसाठी महाबळेश्वरला निघाले होते. आंबेनळी घाटात त्यांची बस शेकडो फूट खोल दरीत कोसळली. ३१ पैकी ३० जण ठार झाले. एकमेव बचावलेली व्यक्ती वर रस्त्यावर आली, तेव्हा बाहेरच्या जगाला ही वार्ता कळली. पाऊस आणि धुके यांची पर्वा न करता स्थानिक गिर्यारोहकांनी दोरखंडांच्या साहाय्याने मृतदेह वर काढले. दापोलीत त्या दिवशी एकेका गल्लीतून किती अंत्ययात्रा निघाल्या असतील, याची कल्पनाच केलेली बरी.

येथे पूल नव्हता, पूरही नव्हता. अरुंद रस्ता, निसरडी साईडपट्टी, तीव्र वळण आणि खाली दरी, एवढेच. अशा रस्त्यांचे काय करावे याचे एक उत्तर दक्षिण अमेरिकेतील बोलिव्हियाने दिले आहे. तेथील ला पाझ ते कोरोइको हा युंगास घाटरस्ता १९९५ मध्ये जगातील सर्वांत धोकादायक रस्ता म्हणून गाजला. १९८३ मध्ये त्या एकाच रस्त्यावर एक बस दरीत जाऊन शंभरावर माणसे मेली होती. पुढे २००६ च्या सुमारास पर्यायी रुंद रस्ता झाला आणि बहुतांश वाहतूक तिकडे वळली. जुना रस्ता आता हौशी सायकलस्वारांचा झाला आहे. कशेडीचा जोड बोगदा हे आपल्याकडील तसेच पाऊल म्हणावे लागेल. सप्टेंबर २०२३ मध्ये गणेशोत्सवाच्या तोंडावर त्याची एक बाजू हलक्या वाहनांस खुली झाली व नागमोडी घाट चढण्याची यातायात पुष्कळ कमी झाली.

मात्र बोगदा हा महामार्गाचा एक तुकडा आहे. चौपदरीकरणाचे काम २०११ मध्ये सुरू झाले व २०२५ च्या पावसाळ्यातही ते अपूर्णच होते. रुंद रस्त्यावर वेग घेतलेले वाहन अचानक अरुंद वळणरस्त्यावर येते, समोरून दुसरे वाहन त्याच पट्टीत असते आणि क्षणार्धात सारे संपते. पूर्ण झालेला रस्ता चांगला, जुना दुपदरी रस्ताही एक वेळ चालेल, परंतु अर्धवट रस्ता हा सर्वांत घातक, असे आमचे मत झाले आहे.

आपल्या धर्मग्रामांतून शेकडो कुटुंबे याच मार्गाने जुने गोवे येथे जातात. २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात संत फ्रान्सिस झेवियर यांच्या पवित्र अवशेषांच्या दर्शनासाठी खासगी बसगाड्यांची रीघ लागली होती. 'रात्री निघू, पहाटे पोहोचू, मिस्सा करून रात्री परत' हा आपला आवडता बेत. दोन रात्री आणि चालक मात्र एकच! भाडे ठरविताना आपण वातानुकूलन आहे की नाही ते विचारतो, दुसरा चालक आहे काय हे विचारीत नाही. यात सरकारचा दोष नाही.

शुभवर्तमानातील शोमरोनी माणसाची कथा आपण दयेची कथा म्हणून ऐकतो. ती एका धोकादायक रस्त्याचीही कथा आहे. यरुशलेमहून यरीहोकडे जाणारी वाट पंचवीस-सत्तावीस किलोमीटरमध्ये सुमारे हजार मीटर उतरते, म्हणजे जवळजवळ आंबेनळीच. आपल्या देशातील एक कायदा त्याच शोमरोन्याच्या नावाने ओळखला जातो, हे किती जणांना ठाऊक आहे? सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ रोजी अपघातग्रस्तास मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाची मार्गदर्शक तत्त्वे बंधनकारक केली आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलम आले. जखमीला रुग्णालयात नेणाऱ्यावर नाव सांगण्याची वा साक्षीदार होण्याची सक्ती करता येत नाही. शिवाय, मे २०२५ पासून केंद्राच्या योजनेनुसार जखमीवर नियुक्त रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार रोख पैसे न भरता होऊ शकतात. पोलिसांच्या ससेमिऱ्याच्या भीतीने गाडी पुढे दामटण्याचे कारण आता उरलेले नाही.

पावसाळ्यात पोलादपूरमार्गे महाबळेश्वरला अथवा महाडहून वरंध घाटाने भोरकडे जाऊ इच्छिणाऱ्यांनी निघण्यापूर्वी रस्ता चालू असल्याची खात्री करून घ्यावी. अतिवृष्टीच्या इशाऱ्यात जिल्हा प्रशासन हे घाट वेळोवेळी बंद करते. अडथळे बाजूला सारून 'बघू तर जाता येते का' म्हणणारे महाभाग दरवर्षी निघतात, आणि त्यांना शोधण्यासाठी पुन्हा त्याच गिर्यारोहकांना दोर घेऊन दरीत उतरावे लागते.