बेलीगारद आणि तब्रीझची पाने

लखनौच्या रेसिडेन्सीच्या दरवाजाला लोक बेलीगारद म्हणतात. हे नाव पडले जॉन बेलीवरून (१७७२–१८३३). इन्व्हर्नेसजवळच्या लेस घराण्यातला हा स्कॉटिश तरुण १७९१ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या लष्करात हिंदुस्थानात आला. १८०० मध्ये कलकत्त्याला फोर्ट विल्यम कॉलेज निघाले, तेव्हा अरबी, फारसी आणि इस्लामी कायदा शिकवण्याचे काम या फौजी अधिकाऱ्याकडे सोपवण्यात आले. शिया कायद्यावरचा त्याचा इंग्रजी ग्रंथ चार खंडांचा व्हायचा होता. १८०५ मध्ये पहिला निघाला, पुढचे राहिलेच.

१८०३ मध्ये मराठ्यांशी युद्ध पेटताच तो वर्ग सोडून आपणहून रणांगणावर गेला. वसईच्या तहाला पुरवणी जोडून पेशव्यांनी बुंदेलखंडातला मुलूख कंपनीला दिला आणि तिथे इंग्रजी अंमल बसवण्याचे काम बेलीकडे आले. १८०७ पासून १८१५ पर्यंत तो लखनौचा रेसिडेंट होता. नवाबांच्या कारभारात त्याने सतत हात घातला. नेपाळच्या युद्धासाठी अवधकडून घेतलेली दोन कोटींची कर्जेही त्याच्याच कारकिर्दीतली. त्याने जमवलेल्या ग्रंथसंग्रहाकडे पाहताना ही बाजू नजरेआड करणे अन्यायाचे होईल.

पण संग्रह मात्र विलक्षण आहे. १८७६ मध्ये नातवाने तो एडिंबरा विद्यापीठाला दिला. त्यात अल् बिरूनीच्या कालगणनेवरील अरबी ग्रंथाची १३०७ च्या सुमाराची सचित्र प्रत आहे. निरनिराळ्या लोकांची पंचांगे आणि सण बिरूनीने त्यात मांडले आहेत.

त्याहून मोलाचा आहे रशीदुद्दीनचा ‘जामी अल्-तवारीख’. इराणच्या मंगोल राजवटीचा हा वजीर जगाचा इतिहास लिहवून घेत होता आणि त्याच्या अरबी व फारसी प्रती दरवर्षी तयार व्हाव्यात म्हणून तब्रीझला त्याने वक्फ करून ठेवला होता. १३१८ मध्ये त्यालाच देहदंड झाला. बेलीच्या प्रतीत १५१ पाने आणि ७० चित्रे उरली आहेत. एका चित्रात गझनीचा महमूद खलिफाने पाठवलेली खिलत अंगावर चढवतो आहे: एक हात बाहीत घातलेला, सभोवती दरबारी. रेषा बारीक, रंग पातळ. चिनी चित्रकलेची ओळख लगेच पटते.

या प्रतीचा दुसरा तुकडा लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीत होता. दोन्ही एकाच ग्रंथाची अंगे आहेत, हे १८३८ च्या सुमारास विल्यम मॉर्ली आणि डंकन फोर्ब्स या अभ्यासकांच्या ध्यानात आले. तोवर बेलीला जाऊन पाच वर्षे झाली होती. लंडनचा तुकडा १९८० मध्ये लिलावात विकला गेला आणि पुढे खलिली संग्रहात पोहोचला. ग्रंथातले हिंदुस्थानच्या इतिहासाचे प्रकरण त्याच तुकड्यात आहे.