ब्रेकची पारख

गाडी घेताना ती लिटरमागे किती धावते, याची चौकशी प्रत्येकजण करतो. ती थांबेल कशी, याची चौकशी फारच थोडे करतात. झिजलेले ब्रेक-पॅड बदलण्याची वेळ येते तेव्हा तर ही निष्काळजी पराकोटीस जाते. ‘जो स्वस्त असेल तो बसवा’ असे मेस्त्रीला सांगून गृहस्थ मोकळा होतो. ही काटकसर नव्हे.

बीड जिल्ह्यातील माजलगाव तालुक्यातले दिंद्रुड हे गाव आमच्या अनेक वाचकांनी पाहिलेही नसेल. परंतु पुण्या-मुंबईचा कारकून ज्या जातीची मोटारसायकल वापरतो, तीच दिंद्रुडच्या शेतकऱ्याच्या वा शिक्षकाच्या दारात उभी असते. फरक आहे तो वापराचा. तेथे एका गाडीवर तिघे बसतात, वर खताचे पोते असते. उन्हाळ्यात काळ्या मातीची धूळ आणि पावसाळ्यात तिचाच चिखल ब्रेकमध्ये शिरतो. ऊसतोडीच्या हंगामात समोर भरलेल्या ट्रॉल्या असतात. ज्याच्या ब्रेकवर भार अधिक, त्याच्याच वाट्यास निकृष्ट माल येण्याचा धोका अधिक, ही यातील खरी विसंगती होय.

ब्रेक म्हणजे वेगाचे उष्णतेत रूपांतर करणारे साधन. वेग दुप्पट झाला की थांबवावयाची शक्ती चौपट होते, आणि ती सारी पॅडला सोसावी लागते. हलका पॅड मांजरसुंब्याच्या घाटासारख्या उतारावर तापला की त्याची पकड सुटते; सपाट रस्त्यावर मात्र तो चांगल्या पॅडसारखाच भासतो. म्हणूनच दुकानासमोर एक चक्कर मारून त्याची परीक्षा होत नाही.

मग निवड कशी करावी? गाडीच्या पुस्तिकेत दिलेला भाग क्रमांक पाहून कंपनीचा, अथवा कंपनीस माल पुरविणाऱ्या उत्पादकाचा पॅड घ्यावा. धातुमिश्रित पॅड उष्णता अधिक सोसतो, पण आवाज करतो व डिस्क लवकर झिजवितो. मऊ पॅड शांत असतो, पण स्वतः लवकर झिजतो. शर्यतीसाठी बनविलेला पॅड तापल्यावरच नीट धरतो. रोजच्या वापरास तो निरुपयोगी होय. एका चाकाचे दोन्ही पॅड एकदमच बदलावेत. अस्तर दोन मिलिमीटरांवर येण्याची वाट पाहू नये. नवा पॅड बसल्यावर काही दिवस बेताने हाकावे. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असण्याचा संभव असल्याने मेस्त्रीने ती धूळ हवेच्या झोताने उडवू नये; ओल्या फडक्याने पुसावी.

केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली; त्यांतील ७४,८९७ दुचाकीस्वार होती. यांतील बहुतेकांचा बळी अतिवेगाने घेतला, ब्रेकने नव्हे, हे आम्ही जाणतो. परंतु चूक वेगाची असो वा समोरच्याची, अखेरच्या क्षणी जी संधी उरते ती ब्रेकचीच असते. एप्रिल २०१९ पासून नव्या दुचाकींना संयुक्त वा अँटी-लॉक ब्रेक बंधनकारक झाले, हे उत्तमच झाले. तथापि त्या यंत्रणेच्या टोकाशीही चाक धरतो तो हाच पॅड. तो बनावट असेल तर वरचा सारा थाट व्यर्थ आहे.

आता प्रश्न सरकारचा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बनावट मालाच्या विक्रीस शिक्षेची तरतूद आहे. त्याच वर्षी मोटार वाहन कायद्यातही दुरुस्ती होऊन, सुरक्षिततेस अत्यावश्यक म्हणून अधिसूचित केलेला सुटा भाग नियमांस धरून नसेल तर विक्रेत्यास एक वर्षापर्यंत कैद वा भागामागे एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा ठरल्या. कायदा आहे, पण तो तालुक्याच्या बाजारपेठेपर्यंत पोहोचावयास हवा. परिवहन खात्याच्या तपासण्या शहरातील चौकांत चालतात. सुट्या भागांच्या दुकानांतही त्या झाल्या पाहिजेत. हेल्मेट नसलेल्या स्वाराकडून दंड घेणाऱ्या शासनाने बनावट पॅड विकणाऱ्याकडे डोळेझाक करणे न्याय्य नव्हे.

ग्राहकाचेही कर्तव्य आहेच. खोक्यावरील छपाई, उत्पादकाचा पत्ता व किंमत पाहावी आणि पावती मागावी. पावतीवाचून तक्रार लंगडी पडते. पॅडमागे वाचलेल्या शेपन्नास रुपयांचा हिशेब चुकता करण्याची वेळ कोणत्याही कुटुंबावर न येवो.