अनशापोटी काढा, दुपारची साखर

सकाळी अनशापोटी तुळशीचा, कडुनिंबाचा नाहीतर मेथीचा काढा घेणारे मधुमेही पुण्यात प्रत्येक दवाखान्यात भेटतात. त्यातले काही हल्ली ‘हे तर आपल्या विद्यापीठानेच सिद्ध केलंय’ असेही ऐकवतात. विद्यापीठात काम झाले आहे, हे खरे. ते काय आहे आणि काय नाही, हे मात्र आपणच नीट वाचलेले नसते.

पुणे विद्यापीठाच्या इन्स्टिट्यूट ऑफ बायोइन्फर्मॅटिक्स अँड बायोटेक्नॉलॉजीत डॉ. अमिता रविकुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सतरा औषधी वनस्पतींचे अर्क तपासले. तो निबंध २०११ मध्ये आला. डुकराच्या स्वादुपिंडातले अमायलेज हे विकर आणि स्टार्च एकत्र करायचे, त्यात अर्क घालायचा, ठरल्या वेळेनंतर डायनायट्रोसॅलिसिलिक आम्ल घालून नळी उकळत्या पाण्यात धरायची. स्टार्च तुटून साखर झाली असेल तर पिवळा द्राव तांबूस होतो. रंग जितका फिका, तितके विकर अडलेले. तुळशीच्या आयसोप्रोपेनॉलमधल्या अर्काने चांगला परिणाम दाखवला. पुढे २०१२ मध्ये याच गटाने हळदीतले बिसडिमेथॉक्सीकर्क्युमिन आणि २०१५ मध्ये राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांसह कडुनिंबातली गेडुनिन व अझाडिराडिओन ही संयुगे वेगळी काढून ती माणसाच्या स्वादुपिंडातल्या अमायलेजला अडवतात, असे दाखवले. त्याच विद्यापीठात कडू कारांद्यावरही काम झाले आहे.

हे काम मोलाचे आहे. पोळी, भाकरी, भात, पोहे असा आपला आहार पिष्टाचा. जेवणानंतर दीड-दोन तासांनी चढणारी साखर हे आपल्या रुग्णांचे नेहमीचे दुखणे. ती आतड्यातच अडवता आली तर औषध रक्तात शोषले जाण्याचीही गरज नाही. अकार्बोज हेच करते, पण पोटात वायू धरतो म्हणून रुग्ण ते सोडून देतात. अमायलेजला जरा सौम्यपणे आणि ग्लुकोसायडेजला जोराने अडवणारे काही वनस्पतींत सापडले, तर हा त्रास कमी व्हावा, अशी आशा आहे.

पण मग अनशापोटीच्या काढ्याचे काय? विकर अडवायचे तर अडवणारा पदार्थ अन्नाबरोबरच आतड्यात हवा. अकार्बोज जेवणाच्या पहिल्या घासाला घेतात ते याचसाठी. पहाटे सहाला घेतलेल्या काढ्याची दुपारच्या भाताशी गाठ पडत नाही. प्रयोगशाळेने दाखवलेला गुण खरा धरला, तरी रुग्ण काढा ज्या वेळी घेतो त्या वेळी त्या गुणाचा उपयोग नाही. काढा दुसऱ्या एखाद्या मार्गाने काम करत असेल, तर तो मार्ग वेगळा सिद्ध करावा लागेल. तुळशीच्या निबंधाचा आधार त्याला चालणार नाही.

दुसरी अडचण द्रावकाची. आयसोप्रोपेनॉलमध्ये उतरते ते सगळे पाण्यात उतरत नाही. कडुनिंबातली गेडुनिन आणि अझाडिराडिओन ही लिमोनॉइड पाण्यात जवळजवळ विरघळतच नाहीत, आणि आपला रुग्ण पितो पानांचा रस. शिवाय डाळिंबसाल, हिरडा अशा टॅनिनयुक्त द्रव्यांचा अर्क नळीत बहुतेक कुठल्याही विकराला अडवतो, कारण टॅनिन प्रथिनाला चिकटते. त्याला मधुमेहावरचा विशेष गुण म्हणणे घाईचे आहे. अशा निबंधात टॅनिन काढून चाचणी केली होती का, हे आधी पाहावे.

रुग्णांवरच्या चाचण्या आपल्याकडे झालेल्या नाहीत, असे नाही. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या विजयसाराच्या, म्हणजे आपल्या बिबळ्याच्या, चाचणीत नव्याने निदान झालेल्या ९७ पैकी ६७ रुग्णांची साखर बारा आठवड्यांत आटोक्यात आली. तो अहवाल १९९८ चा. चाचणी खुली होती, तुलनेचा गट नव्हता. पुढे टोलब्युटामाइडशी डबल ब्लाइंड तुलना झाली. पण आज टोलब्युटामाइड क्वचितच कोणी लिहून देते, त्यामुळे ती तुलना आज तोकडी पडते. मेटफॉर्मिनचा वंशही गॅलेगा ऑफिसिनॅलिस या वनस्पतीपर्यंत जातो, पण रुग्णाला कोणी गॅलेगाचा काढा देत नाही: तिच्यातले गॅलेजिन विषारी ठरले आणि त्याच्या नात्यातला सुरक्षित रेणू १९५७ मध्ये पॅरिसमध्ये जाँ स्टर्न यांनी रुग्णांसाठी पुढे आणला.

‘झाडपाला आहे, अपाय नाही’ हे वाक्य तर आपण रुग्णासमोर कधीच मान डोलावून ऐकू नये. कारल्याची भाजी आणि क्लोरप्रोपामाइड एकत्र आल्याने साखर अधिकच खाली गेल्याची नोंद लॅन्सेटमध्ये १९७९ सालीच आली आहे. आज ग्लिमेपिराइड आणि कारल्याचा रस सोबत घेणारे किती, हे आपण विचारतो का? मुंबईत २०२१ मध्ये गुळवेल घेणाऱ्या सहा जणांच्या यकृताला इजा झाल्याचे डॉक्टरांनी नोंदवले; आयुष मंत्रालयाने त्यावर वनस्पतीची ओळखच पटवलेली नाही, असा आक्षेप घेतला. वाद कुठेही जावो, पेठांतल्या काष्ठौषधींच्या दुकानातून ‘काडेचिराईत’ म्हणून पुडीत काय बांधून मिळते हे ठाऊक असणाऱ्यांना तो आक्षेप पोकळ वाटणार नाही.

मधुमेह बरा करण्याची जाहिरात १९५४ च्या कायद्याने बंद आहे. पण जाहिरात बंद झाल्याने माहिती तयार होत नाही. ती आपल्या केसपेपरातूनच होईल. रुग्ण घेतो त्या वनस्पतीचे नाव, वापरलेला भाग, कुठून आणली, किती, जेवणाशी किती अंतराने, आणि सोबत कोणत्या गोळ्या, एवढे प्रत्येक मधुमेह्याच्या कागदावर लिहा. पुढच्या अंकापासून अशा नोंदींसाठी एक पान राखून ठेवले आहे. रुग्णाचे नाव नको. एचबीएवनसी आधीचे आणि तीन महिन्यांनंतरचे दोन्ही हवे. ज्यांच्यात काहीच फरक पडला नाही, त्यांच्या नोंदी आधी पाठवा.