धुराचा जमाखर्च



या आठवड्याच्या टपालात इंदापूर तालुक्यातून, भवानीनगरकडच्या एका वस्तीवरून, आठवीतल्या मैत्रिणीचं पत्र आलंय. ती लिहिते, "शेजारच्या रानातला ऊस तुटला की पाचट पेटवतात. आईनं वाळत घातलेल्या कपड्यांवर काळे कण पडतात. मी म्हणते धूर काळा असतो. दादा म्हणतो, नीट बघ, पांढरा आहे. कुणाचं खरं?"

बारामती-इंदापूरकडे कारखान्यांची धुराडी पेटली, की हा वाद बऱ्याच घरांत होत असणार. आपण तो घरच्या घरी सोडवायला घेऊ. मात्र आगीचं काम आहे, तेव्हा घरातल्या मोठ्या माणसाला सोबत घ्या.

आधी एक उदबत्ती लावा. खोलीत अंधार करा, धुरामागे काळं कापड धरा आणि बाजूनं टॉर्च मारा. धूर निळसर दिसेल. आता तोच धूर उजेडाच्या खिडकीसमोर धरून पाहा. तो जरा तपकिरी वाटेल. धूर तोच, मग रंग का बदलला? उदबत्तीच्या धुराचे बरेच कण एक मायक्रॉनहूनही लहान असतात. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग! असे बारके कण निळा प्रकाश जास्त विखुरतात. बाजूनं पाहिलं तर तो निळा आपल्याला दिसतो. समोरून पाहिलं तर निळा वजा होऊन उरलेला प्रकाश डोळ्यांत येतो. पुस्तकात याला प्रकाशाचं विकिरण म्हणतात.

आता आजीला विचारा, पूर्वी काजळ कसं धरायचे? दिव्याच्या ज्योतीवर ताटली धरली की तिला काळी पूड चिकटायची. तीच काजळी. ती प्रकाश फारसा विखुरत नाही, गिळून टाकते आणि स्वतः तापते. हे झालं शोषण.

म्हणजे धुरातून जाणाऱ्या प्रकाशाचा खर्च दोन खात्यांवर पडतो, विखुरलेला आणि गिळलेला. ओलसर पाचट धुमसत असलं की धूर पांढरट निघतो, कारण त्यात विखुरणारे कण जास्त. ज्वाळा उठल्या की काजळी वाढते. तेव्हा पत्रातल्या बहीणभावांनो, तुम्ही दोघंही बरोबर! पण कोणत्या खात्यावर किती, हे नुसत्या डोळ्यांनी सांगता येत नाही. ते मोजावं लागतं.

विखुरलेला प्रकाश मोजणाऱ्या यंत्राला नेफेलोमीटर म्हणतात. काळोख्या डबीत हवा ओढायची, दिवा लावायचा आणि कणांवरून बाजूला उडालेला प्रकाश टिपायचा. दुसरं यंत्र एथॅलोमीटर. ते पांढऱ्या गाळणकागदातून हवा ओढतं. कागदावर काळा ठिपका उमटतो आणि त्यातून पलीकडे जाणारा उजेड जसजसा कमी होतो, तसा काजळीचा हिशेब लागतो.

पण इथे एक खोच आहे. कागद स्वतःही प्रकाश विखुरतो, आणि कणांवर कण साचले की आकडा चुकतो. मग यावर एक गमतीदार युक्ती निघाली, काजळी चक्क ऐकायची! हवेवर प्रकाश भरभर चालू-बंद करत पाडला, की काजळीचे कण तापतात, भोवतीची हवा प्रसरण पावते आणि बारीक आवाज होतो. तो मायक्रोफोन टिपतो. जे कण प्रकाश नुसता विखुरतात, ते गप्प बसतात. प्रकाशातून आवाज निघतो हे टेलिफोनवाल्या ग्रॅहॅम बेल यांनी 1880 मध्येच दाखवलं होतं.

दोन्ही आकडे मिळाले की सोपं गणित उरतं. समजा 100 भाग प्रकाश अडला, त्यातले 90 विखुरले आणि 10 गिळले गेले. मग उत्तर 0.90. निव्वळ ताज्या काजळीचं उत्तर 0.2 ते 0.3 च्या आसपास येतं, तर समुद्राच्या मिठाच्या कणांचं जवळजवळ 1.

एवढा खटाटोप कशाला? कारण विखुरणारे कण उन्हाचा काही भाग परत आकाशात पाठवतात, तर काजळी तो गिळून हवाच तापवते. दोन्ही वेळा जमिनीवर ऊन कमी पोचतं, पण हवेवरचा परिणाम वेगळा. 1999 मध्ये इंडोएक्स मोहिमेतल्या शास्त्रज्ञांना हिंदी महासागरावर, किनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर दूर, आपल्या बाजूनं गेलेला धुरकट थर सापडला, आणि त्यात काजळी होती! कपड्यांवर पडतात ते मोठे कण. बारीक कण कित्येक दिवस हवेत तरंगत दूर जातात. पावसाशीही त्यांचा संबंध आहे, कारण ढगातला थेंब अशाच एखाद्या कणाभोवती धरतो. इंदापूरच्या शेजारी सोलापुरात, 2018 आणि 2019 च्या पावसाळ्यात, पुण्याच्या पाषाणमधल्या आय.आय.टी.एम. या हवामान संस्थेनं विमानातून ढगांबरोबर हवेतले कणही तपासले. तुमचा भाग पर्जन्यछायेतला. पावसाचं मोल तुम्हाला कुणी सांगायला नको.

मैत्रिणीनं पत्राच्या शेवटी विचारलंय, "पुढच्या महिन्यात आमचाही ऊस तुटेल. बाबांना पाचट पेटवू नका म्हणू का?" जरूर म्हण, पण आधी त्यांचं ऐक. खोडव्याची मशागत करताना पाचट पायात येतं, त्यात उंदीर-साप लपतात, मजुरी वाढते. या अडचणी खऱ्या आहेत. मग त्यांना विचार, "निदान एका वाफ्यात पाचट सरीत दाबून पाहू या का?" ते कुजून खत होतं आणि जमिनीची ओल टिकते. पुढच्या उन्हाळ्यात त्या वाफ्याला पाणी किती लागलं, ते वहीत मांडून ठेव.

बाकीच्यांनी एक करा. पांढऱ्या बशीला व्हॅसलिनचा पातळ हात फिरवून ती दिवसभर गच्चीवर ठेवा. एकदा पाचट पेटण्याआधी आणि एकदा पेटल्यावर. तारीख आणि वाऱ्याची दिशा लिहायला विसरू नका. काय दिसलं ते आम्हाला कळवा. वाट पाहतोय!