कमवा आणि शिका

सकाळचे आठ. महाविद्यालयाच्या ग्रंथालयात बी.ए.चा एक विद्यार्थी परत आलेली पुस्तके कपाटात लावतोय. खांद्यावर फडके, बोटांना डिंक. काम संपले की हजेरीपत्रकावर सही आणि धावत वर्गात.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज उभारले ते याच बळावर: गरिबाच्या मुलाने श्रम करावेत आणि ताठ मानेने शिकावे. आज पुणे विद्यापीठाची 'कमवा आणि शिका' योजना कर्मवीरांच्याच नावाने चालते. ग्रंथालय, कार्यालय, बाग अशी कामे आणि तासांवर मानधन.

हे मानधन वेळेवर मिळायलाच हवे. खाणावळवाला थांबत नाही. आणि नुसती धूळ झटकण्यापेक्षा प्रयोगशाळेतली, संगणकावरची कामेही या मुलांच्या वाट्याला यावीत. अशाच काही मुलामुलींचे अनुभव या अंकात आहेत.