यंत्राला अनुदान, कोयत्याला काय?

मा. साखर आयुक्त, पुणे, तसेच श्रीगोंदा तालुक्यातील साखर कारखान्यांचे मा. अध्यक्ष व संचालक यांस,



माणसासारखे हातपाय असलेल्या रोबोचे व्हिडिओ हल्ली आमच्या पारावरही बघितले जातात. 2024 साली बीएमडब्ल्यूच्या अमेरिकेतल्या कारखान्यात असा रोबो चाचणीला उभा राहिला. रांजणगाव, सुप्याच्या एमआयडीसीत हेल्परी करणाऱ्या आमच्या पोरांना त्याची धास्ती वाटते, ती खोटी नाही. पण आपल्या उसाच्या फडात माणसाच्या जागी यंत्र केव्हाच आलंय. त्याला तोंड ना हात, म्हणून त्याची बातमी होत नाही एवढंच.

ऊसतोडणी यंत्राला माझा विरोध नाही. पहाटेच्या थंडीत पाचटात उतरायचं, मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचं, आजारी पडलं तरी खाड्याचे पैसे भरायचे! बीडच्या तोडणी करणाऱ्या बायकांची गर्भाशयं काढली जाण्याचा प्रश्न तर 2019 मध्ये सरकारच्या चौकशी समितीपर्यंत गेला. असलं काम माणसाकडून सुटलेलं बरंच.

पण सुटतंय कुठलं? यंत्राला चार-पाच फुटी सरी लागते, सलग रान लागतं, ऊस उभा लागतो. म्हणजे चांगला फड यंत्राकडे आणि लोळलेला ऊस, ओल धरलेलं रान, बांधाकडेचे तुकडे कोयत्याकडे. मजुरी मात्र टनावर. जानेवारी 2024 मध्ये तोडणीदर 34 टक्क्यांनी वाढले खरे, पण दिवसाकाठी टनच कमी भरला तर ती वाढ हातात किती पडणार? अंगावरची आगाऊ उचल काही त्या हिशेबानं घटत नाही.

2023 च्या योजनेत 900 यंत्रांना किमतीच्या 40 टक्के किंवा 35 लाख, यांत कमी असेल ते अनुदान ठरलं. ते यंत्र घेणाऱ्याला. नवरा-बायकोचा जो कोयता त्यामुळे घरी बसेल, त्याचं काय?

स्व. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी गाळपाच्या टनामागे कारखान्यांचे 10 रुपये ठरलेले आहेत. ऊस यंत्रानं तुटला तरी टन तोच. मग यंत्रानं तुटलेल्या उसाचे ते पैसे वेगळे दाखवा आणि त्यातून तोडणी कुटुंबांतल्या पोरांना, पोरींनाही, हार्वेस्टर चालवायला आणि दुरुस्त करायला शिकवा. पडक्या उसाला वेगळा दर द्या. फड यंत्राला गेल्यानं न फिटलेल्या उचलीसाठी मुकादमानं मजुराला अडवायचं नाही, हे करारात लिहा.

येत्या हंगामाचे तोडणी करार होण्याआधी उत्तर मिळावं. ते वार्षिक सभेत वाचून दाखवावं, ही विनंती.

आपला,
श्रीगोंदा तालुक्यातील एक ऊस उत्पादक सभासद